डोक्यात सांडणारा रवा

माझ्या डोक्यात रवा सांडतो हे मला फार लहानपणीच कळलं होतं. तो आणखी कोणाच्या डोक्यात सांडतो हे कळायला मात्र शालूताईचं लग्न यावं लागलं, आणि त्या रव्यापायी ते लग्न मोडता मोडता राहिलं.

रवा हा माझा शब्द. कोणी माझ्याजवळ बसून हलक्या आवाजात, सावकाश, निगुतीनं काही करायला लागलं, की माझ्या टाळूच्या मधोमध काहीतरी कोमट आणि बारीक सुटायचं आणि मानेवरून पाठीकडे घसरत जायचं. नुकताच भाजलेला रवा कोणी चिमटीचिमटीनं केसांत सोडावा तसं. हातांवर काटा यायचा, पण तो थंडीचा नव्हे आणि भीतीचाही नव्हे. पापण्या जड व्हायच्या, मान सैल पडायची. गुदगुल्या म्हणाल तर हसू यायचं नाही, झोप म्हणाल तर मी टक्क जागी असायचे. एवढंच वाटायचं की समोरच्यानं आता थांबू नये, आणि मी हलले तर तो थांबेल. म्हणून मी हलत नसे. घरात मला ‘ठोकळा’ म्हणायचे ते त्यामुळेच.

मागच्या दिवाळीत माझ्या नातीनं, सईनं, तिचे ते बशीएवढे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. मोबाईलवर कोणी एक बाई लाकडी डबीवर नखं वाजवत होती आणि मधूनच श्वासात बोलल्यासारखं कुजबुजत होती. काय बोलत होती देव जाणे (हा शब्दप्रयोग आमच्या बाबांनी खपवून घेतला नसता), पण क्षणात टाळूवर चिमूट सुटली. इतक्या वर्षांनी, तीच. “आजी, येतंय का काही?” सईनं विचारलं. मी म्हटलं, “अगं, हा तर रवा.” मग तिनं मला समजावलं की याला चार अक्षरांचं इंग्रजी नाव आहे, जगभर लोक हे ऐकत झोपतात, काहींना हे होतं, काहींना काडीचंही होत नाही, आणि काहींना तर उलटी चीड येते. लगेच आम्ही ह्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. ह्यांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, “या बाईचा घसा बसलाय. हिला कोणीतरी हळदीचं दूध द्या.” एवढी वर्षं संसार केला आणि माणूस अगदी कोरडा आहे हे मला आत्ता कळलं.

नाशिकरोडला आमची कॉलनी होती. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून देवरे काकूंचा ओटा. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोनच तसबिरी, त्यांच्याखाली स्टूल, स्टुलावर मेणबत्ती आणि उदबत्तीचं घर. आतल्या खोलीत आई. आई म्हणजे आवाज. ती भाकरी थापायची तो आवाज, तवा राखेनं घासायची तो आवाज, सुकट भाजताना “दार लावा, नाहीतर देवरे काकू जेवायला येतील” असं म्हणायची तो त्याहून मोठा आवाज. पण हीच आई दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली की एकदम निराळी व्हायची. बोटांनी तांदूळ बाजूला सारायची, खडा नखानं उडवायची, पुन्हा सारायची. मी तिच्या गुडघ्याला टेकून बसले की रवा कमरेपर्यंत जायचा. आईला वाटायचं पोरीला माझी फार माया. माया होतीच, पण तांदूळ निवडून झाले की ती ओसरायची हेही खरं.

एकदा या सुखाची चटक लागल्यावर मी ते मिळवण्याच्या युक्त्या काढल्या. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार भिकाशेठ कागदाची पुडी इतक्या सावकाश वळायचे आणि तिला वरून लोंबणारा दोरा इतक्या हळुवारपणे गुंडाळायचे की दुकानातली गिऱ्हाइकं वैतागायची. मी नाही. मी जिरं वेगळं बांधून मागे, मोहरी वेगळी, हळकुंड वेगळं, आणि घरी आल्यावर आई विचारी की एवढ्या सामानाला एवढ्या पुड्या कशाला. शाळेत भूगोलाच्या बाई कोणाचा नकाशा चुकला तर शेजारी येऊन बसत, पेन्सिलीला टोक करत आणि कुजबुजत्या आवाजात “अशी गं, अशी” म्हणत स्वतः नदी काढून देत. त्यामुळे नाशिकची पोर असूनही मी गोदावरी दर वेळी अरबी समुद्राला मिळवत असे. बाई बिचाऱ्या दर वेळी ती उगमापासून उचलून पूर्वेकडे नेत. वार्षिक परीक्षेतही मी तिला सवयीनं पश्चिमेला सोडली आणि मार खाल्ला.

पण रवा सांडायची सगळ्यात खात्रीची जागा घरातच होती. संध्याकाळी दिवे लागले की बाबा हातपाय धुऊन तसबिरींसमोर बसायचे आणि वंदना, पंचशील म्हणायचे. बाबांचा आवाज तसा रुक्ष, कचेरीतला. वंदनेत मात्र तो खाली उतरायचा, घुमायचा, शब्दाला शब्द लागून यायचा. आम्ही दोघी बहिणी मागे मांडी घालून. ताई पाय खाजवत, मी डोळे मिटून, मान खाली, हातांवर काटा. बाबा आईला कौतुकानं सांगायचे की धाकटीची श्रद्धा बघ. मी डोळे आणखी घट्ट मिटून घेई.

हे सगळ्यांनाच होतं अशी माझी समजूत होती. लोक त्याबद्दल बोलत नाहीत, कारण पुष्कळ गोष्टींबद्दल लोक बोलत नाहीत. एकदा वेणी घालताना मी ताईला सहज विचारलं, “तुझा रवा कुठपर्यंत येतो?” तिनं फणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तुझं डोकं दाखवून घेऊ या कुठेतरी.” मला ते पटेना. मग सुट्टीत मी कॉलनीभर तपासणीच काढली. बेकरीच्या पावाचा कुरकुरणारा कागद घ्यायचा, माणसाच्या मागे गुपचूप जायचं, कानाशी तो हळूहळू चुरगाळायचा आणि दंडावर काटा येतो का ते पाहायचं. देवरे काकांच्या दंडावर काटा आला नाही, त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. दूधवाल्याचं दूध सांडलं. देवरे काकूंना काहीतरी झालं, पण ते गुडघ्यात झालं असं त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत नाही म्हणून पुन्हा कागद घेऊन ये म्हणाल्या. ताईचे दात आंबले. आईनं कागदच चुलीत घातला. थोडक्यात, सगळ्या कॉलनीत मी एकटीच निघाले, आणि त्याचं मला वाईट वाटायच्या ऐवजी थोडी ऐटच चढली.

आता बाबांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा खोटं बोलत नसत. म्हणजे पुष्कळ लोक बोलत नाहीत म्हणतात तसं नव्हे. नको असलेला पाहुणा दारात आला आणि आईनं “हे घरात नाहीत” म्हटलं, तर बाबा आतून ओरडत, “आहे आहे, या.” कचेरीत सगळे रजेच्या अर्जात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहीत, बाबांनी एकदा लिहिलं, ‘आज कामावर यावेसे वाटत नाही.’ साहेबांनी रजा नामंजूर केली, बाबा कामावर गेले, आणि दोन्ही योग्यच झालं असं त्यांचं मत पडलं. देवाधर्माचं तर नावच काढायला नको. आजोबांनी सगळे देव गोदावरीत सोडले त्या दिवसापासून घरात एकही आला नाही. कोणाच्या अंगात येतं म्हटलं की बाबा दोन प्रश्न विचारत, “कोणी पाहिलं?” आणि “पुन्हा करून दाखवता येईल का?” या दोन प्रश्नांनी कॉलनीतल्या बऱ्याच देव्या घरी बसवल्या होत्या.

ताईचं लग्न ठरलं तेही असंच. ती टायपिंगच्या क्लासला जायची, तिथे इगतपुरीहून गाडीनं येणारा विलास नावाचा मुलगा होता, नुकताच रेल्वेत लागलेला. दोघांचं जमलं. इतर घरांत अशा वेळी कोणीतरी लांबचा नातेवाईक स्थळ घेऊन आल्याचं नाटक करतात. बाबांनी पाहुण्यांना सरळ सांगितलं, “त्यांचं जमलंय. आपण फक्त पोहे खायचे आहेत.” पुढे म्हणाले, “मुलीला पुरण येत नाही. भाकरी थापते, पण ती गोल होईलच असं नाही. टाईप मात्र वेगात करते.” आई आतून कपाळाला हात लावून ऐकत होती. विलासच्या आई सोनाबाई लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांचे भाऊ सखाराममामा मांडीवर थाप मारून म्हणाले, “असा मुलीचा बाप नाय पाह्यला.” हसले खरे, पण त्यांच्या मनात खोट होती. मामाची मुलगी भाच्याला द्यायची हा त्यांच्याकडचा रिवाज, आणि मामांची मुलगी लग्नाची होती. हे लग्न मोडलं तर विलास परत त्यांच्याच दारी येणार होता. ताईला हे ठाऊक होतं. मामांचं नाव निघालं की तिची बोटं हवेतच टाईप करायला लागायची.

लग्नाच्या आधी सासरची माणसं नवरीचा हिरवा चुडा भरायला आली. सोनाबाई आणि सखाराममामा. सोनाबाईंनी इगतपुरीचा नवा तांदूळ आणला होता, पिशवी उघडल्याबरोबर खोली घमघमली. आईनं मटणाचा रस्सा चुलीवर चढवला. बांगड्या भरायला जुन्या नाशकातून हमीदाचाची आल्या. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या सुनांचे आणि लग्नाच्या मुलींचे हात त्यांच्या हातांतून गेलेले. त्यांनी चादर अंथरली, टोपली उघडली, आणि ताईचा डावा हात भरला. उजवा मात्र जाईना. “टाईप-टाईप करके हड्डी कडक हो गई,” चाची म्हणाल्या आणि उजव्या हाताला साबण चोळून म्हणाल्या, “थोडा भिजू दे. तवर करवलीचा भरते.” करवली म्हणजे मी.

त्याआधी माझ्या हातांत जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या बांगड्या असायच्या, त्या काय आपल्या आपण चढवायच्या. चाचींनी माझा हात हातात घेतला आणि मला कल्पनाच नव्हती की काय होणार आहे. त्यांचा तळवा कोमट, पिठासारखा. अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबत, बोटं एकात एक जुळवत त्या बोलायला लागल्या, तोंडातल्या तोंडात, फक्त त्या हाताशी. “ढीला छोड बेटा… ऐसा… हां… कुछ नहीं, कुछ नहीं… बस, गई… अजून एक…” आणि काचेवर काच, बारीक. चिमूट सुटली नाही, अख्खा डबाच उपडा झाला. टाळू, मान, खांदे, पाठ. माझे डोळे वर गेले, डोकं डुलायला लागलं, दोन्ही हातांवर तट्टकन काटा उभा राहिला आणि तोंडातून “हंऽऽ” असा आवाज निघाला तो माझ्या परवानगीशिवाय.

“माय वं,” देवरे काकू म्हणाल्या. त्या मूळच्या नामपूरच्या, घाबरल्या की अहिराणीवर जात. “आंगमा देवी उनी. वणीनी सप्तशृंगी माय शे.” आणि त्यांनी माझ्यापुढे डोकं टेकलं.

खरं सांगायचं तर मला सगळं ऐकू येत होतं. पण रवा अजून कमरेपर्यंत पोचला नव्हता आणि मला तो वाटेत सोडायचा नव्हता. काकूंनी हात जोडून विचारलं, “काय पाहिजे माय तुला?” मी डोळे न उघडता म्हटलं, “चाची, अजून.” काकूंनी लगेच अर्थ लावला, “माय चुडा मागस.” त्या हळदकुंकू आणायला घरी पळाल्या, आणि दारात सखाराममामा उभे राहिले.

“ह्ये काय हाय? पोरीला फिट येती का काय?”

“फिट नाही हो,” काकू ओट्यावरून ओरडल्या, “देवी.”

“देवी? बौद्धाच्या घरात?” मामांनी खोलीभर नजर फिरवली, तसबिरींपाशी थांबवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, “फिट असंल तर रक्तात हाय, अन् देवी असंल तर डोक्यात हाय. आमाला दोन्ही चालायचं नाय. सोनाबाई, पिशवी उचल. घरी जाऊन इचार करून कळवू.”

इगतपुरीला जाऊन विचार करून कळवू म्हणजे काय, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं. रवा जिथल्या तिथे थिजला. मी डोळे उघडले. ताई तशीच बसली होती, डावा हात हिरवागार, उजव्या हातावर साबण वाळत चाललेला. ती रडत नव्हती, नुसती त्या उजव्या हाताकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हा रवा नसता तर बरं झालं असतं. चाचींनी तेवढ्यात शांतपणे सांगून टाकलं, “आधा चुडा छोडके मैं उठती नहीं. मेरे को कोई जल्दी नहीं.”

नळाला पाणी आलं होतं म्हणून बाबा मागे आंघोळ करत होते. ते बनियनवर, ओल्या केसांनी आत आले. त्यांना एकाच वेळी चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, “काय झालं?” मी पहिल्यांदाच मोठ्या माणसांपुढे ते सगळं बोलले, टाळूवरून मानेवर, मानेवरून पाठीत, कोमट, भाजलेल्या रव्यासारखं, गोदावरी आणि भिकाशेठच्या पुड्यांसकट. आई म्हणाली, “म्हणजे जिरं-मोहरी त्यासाठी वेगळी?” मी मान डोलावली.

“पुन्हा करून दाखवता येईल?” बाबांनी विचारलं.

येईल म्हटलं. चाचींनी हात धरला, “ढीला छोड बेटा” सुरू झालं, आणि सांडला. माझे डोळे वर गेल्याबरोबर बाबा म्हणाले, “सोळा सत्ते?” मी म्हटलं, “एकशे बारा.” “अठरा नव्वे?” “एकशे बासष्ट.” बाबा मामांकडे वळले. “फिट आलेल्या माणसाला पाढे येत नाहीत.” मग हळदकुंकवाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे वळले. काकू स्वतःच खट्टू होऊन म्हणाल्या, “नाही, माय काही पाढे म्हणायची नाही,” आणि वाटी पदराखाली घेतली.

पण मामा असे सोडणारे नव्हते. “ठीक हाय. फिट नाय, देवी नाय. मंग हिलाच का व्हतं? समद्यांस्नी का नाय? एकटीलाच व्हतं म्हंजे हिच्यातच कायतरी बिघाड हाय, अन् बहीन बहिनीसारखीच आसनार.”

“एकटीलाच कशावरून?” म्हणत बाबांनी चाचींसमोर बसायला सांगितलं, मग सगळ्यांची पाळी आली. आई बसली. चाची कुजबुजायला लागल्या तशी म्हणाली, “जरा मोठ्यानं बोला की, काही ऐकू येत नाही मेलं,” आणि रस्सा आटेल म्हणून उठून गेली. देवरे काकू बसल्या त्या खी खी हसत गडाबडा लोळल्या, गुडघा तेवढा बरा वाटतो म्हणाल्या. ताईनं भरलेलाच हात पुढे केला. मी तिच्याकडे टक लावून पाहत होते, हो म्हण, हो म्हण. तिचं लग्न त्या एका शब्दावर होतं. पण ती बाबांची लेक. तिनं खूप वेळ डोळे मिटून ठेवले आणि मग हळूच म्हणाली, “नाही होत.” चाचींनी सोनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि पदर दोन्ही हातांवरून गच्च ओढून घेतला. मामांना विचारायची सोयच नव्हती. ते म्हणाले, “बांगड्या भरायला मी काय बायको हाय?” आणि पिशवीला हात घातला.

बाबा बराच वेळ ताईच्या त्या साबण लावलेल्या हाताकडे बघत उभे होते. मग चाचींसमोर मांडी घालून बसले आणि उजवा हात पुढे केला.

“भाईसाब, मर्दों को नहीं भरते,” चाची संकोचून म्हणाल्या.

“भरू नका. नुसतं करा.”

चाचींनी पदर सारखा केला आणि बाबांचा शाईनं डागाळलेला अंगठा हातात घेतला. “ढीला छोडो भाईसाब… ऐसा… कुछ नहीं, कुछ नहीं…” खोलीत नुसता रश्श्याचा रटरट आवाज. बाबांनी डोळे मिटले. मान जराशी तिरकी केली. आणि म्हणाले,

“सांडला.”

मामा वाकून बघायला लागले.

“टाळूवरून,” बाबा सावकाश म्हणाले. “आता मानेवर आला. मानेवरून पाठीत चाललाय. कोमट आहे. भाजलेल्या रव्यासारखा.”

मी त्यांच्या अगदी शेजारी बसले होते. बनियनमुळे त्यांचा सबंध दंड माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यावरचे केस आंघोळीनं ओले होऊन कातडीला चिकटलेले, एकही उभा नाही, कातडी गुळगुळीत. काटा ठरवून आणता येत नाही, हे सबंध कॉलनीचे दंड तपासलेली मी सोडून त्या खोलीत कोणाला ठाऊक असणार? त्यात बाबांनी एक डोळा किलकिला करून मामांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन आई उभी होती. तिनं बाबांकडे असं पाहिलं, जसं मी तिला पुन्हा कधी पाहताना पाहिलं नाही, आणि गुपचूप आत गेली.

मामांची मोठी पंचाईत झाली. पुरण न येणाऱ्या मुलीच्या खरं बोलणाऱ्या बापाची गोष्ट त्यांनीच इगतपुरीभर सांगितली होती. आता त्याला खोटा म्हणायचं कसं? ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “तुमी म्हनता म्हंजे… आसंलही.” सोनाबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. “सखाराम, बस आता. भूक लागली. चाची, ऱ्हायलेला हात भरा.” आणि काय आश्चर्य, ताईचा कडक उजवा हात त्या वेळी अलगद भरला गेला.

जेवणं झाल्यावर निघताना सोनाबाई दारात माझ्याकडे वाकल्या. मला वाटलं, करवलीचा मुका घेतायत. त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि कुजबुजल्या, “मला बी व्हतं गं पोरी. तांदूळ पाखडताना. लगीन व्हायच्या आधीपासून. येडी म्हनतील म्हनून कुनाला बोलले नाय.” त्या कुजबुजण्यानंच माझ्या डोक्यात पुन्हा चिमूट सांडली, आणि त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, काटा आलेला मला दिसला. म्हणजे ज्या खोलीत माझ्या बाबांनी आयुष्यातलं पहिलं खोटं सांगितलं, त्याच खोलीत खरं सांगणारी बाई पदराआड हात झाकून बसली होती. हे मी बाबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आपलं खोटं फुकट गेलं असं त्यांना वाटलं असतं, आणि मला तसं वाटत नाही. बाबा बोलले नसते तर सोनाबाई मला तरी कशाला बोलल्या असत्या?

ताई आजही इगतपुरीला आहे, नातवंडांत रमलेली, आणि कागद चुरगाळला की तिचे दात अजून आंबतात. सोनाबाई होत्या तोवर आम्ही दोघी पावसाळ्यात तिथे सूप घेऊन बसायचो, पाखडलेले तांदूळ पुन्हा पाखडायचो, आणि ताई म्हणायची, वेड्यांचा बाजार. बाबा निवृत्त झाल्यावर कधीमधी, कोणी आसपास नसताना, मला विचारायचे, “ते नेमकं असतं तरी कसं गं?” मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायचे. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “असं होय.”

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. पाहुणे गेले, आईनं मेणबत्ती लावली, आणि बाबा नेहमीसारखे तसबिरींसमोर बसले. मागे आम्ही दोघी, ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. बाबांचा आवाज नेहमीसारखा खाली उतरला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे बाबांना खोकला आला. चांगला मोठा, लांबलचक खोकला, तसबिरींकडे न बघता जमिनीकडे बघून काढलेला. मी आणि ताईनं एकमेकींकडे पाहिलं आणि चौथं शील आम्ही दोघींनीच म्हटलं, जरा मोठ्यानंच, म्हणजे तिघांच्या वाटचं होईल. पाचव्याला बाबांचा आवाज परत आला, थोडा बसलेला, आणखी खोल. मी डोळे मिटले, मान सैल सोडली. ज्या माणसाच्या डोक्यात जन्मात कधी सांडला नाही, त्याच्या आवाजानं माझ्या डोक्यात रवा सांडायला लागला, आणि त्या दिवशी तो थेट पायांपर्यंत गेला.